फोटोत मागे कोण उभं आहे? लालबागच्या एका चाळीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग-परळ पट्ट्यातली ही चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. बांधकाम १९४० पूर्वीचं, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या 'अ' वर्गातलं. मधोमध लाकडी जिना, पुढून लांबच लांब सामाईक गॅलरी, टोकाला संडास. चाळीचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत किंवा गाळले आहेत. चाळीत माणसाला कामावरून किंवा मजल्यावरून हाक मारायची रीत आहे, मीही तीच वापरली आहे.

पहिल्या पिढीतले बहुतेक पुरुष गिरणीत. कोकणातले जास्त, काही घाटावरचे. एकेका खोलीत एकाच गावचे आठ-दहा गडी पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला चाळीतल्याच खाणावळीत जायचे. पुढे बायका-पोरं आली, खोल्यांमध्ये माळे पडले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच पुन्हा कधी गिरणीतल्या आपल्या खात्यात, म्हणजे विभागात, गेलेच नाहीत. ज्या भोंग्यांवर चाळीचं घड्याळ चालायचं त्या गिरण्यांच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत.

चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी बरीच वर्षं चालू होती. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. ती जमली, करार झाले, आणि खोल्या रिकाम्या करायची तारीख दिसू लागली. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, जाण्यापेक्षा बहुतेकांनी भाड्याचा धनादेश घ्यायचं ठरवलं. त्या भाड्यात लालबागमध्ये जागा मिळणं शक्यच नव्हतं. कुणी डोंबिवलीला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी बदलापूरला निघालं.

गणेशोत्सव मंडळाच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने सुचवलं की चाळ रिकामी व्हायच्या आधी सगळ्यांच्या घरातले जुने फोटो एकत्र करू आणि शेवटच्या गणपतीत लावू. ती अकाउंट्समध्ये नोकरी करते. हे सांगायचं कारण, पुढे तिच्या वहीने बरंच काही वाचवलं. मला तिने मदतीला घेतलं ते माझ्याकडे स्कॅनर होता म्हणून.

अडचण कुठे आली

सुरुवात जशी सगळीकडे होते तशीच झाली: व्हॉट्सॲप ग्रुप. पहिल्याच आठवड्यात फोटोंचा पूर आला आणि त्याबरोबर घोटाळेही.

पहिला घोटाळा साधा होता. लोक अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून पाठवत होते. ट्यूबलाइटची रेघ मध्यावर, आजोबांचं डोकं वाकडं. ग्रुपवर टाकताना फोटो दाबला जातो आणि त्यातली तारखेची माहितीही जाते. तीन हातांतून फिरून आलेला फोटो मुळात कुणाच्या घरचा हे कळेना. त्यातच एकाने ट्रामचा फोटो टाकला, 'आपल्या चाळीसमोर, १९७०'. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, तेव्हा १९७० शक्यच नव्हतं. फोटो मोठा करून दुकानाची पाटी वाचली तर ती गिरगावातली निघाली. तरी त्यावर पन्नासेक जणांनी डोळे पाणावल्याचं कळवलं होतं. यात कुणाचं वाईट वाटून घेण्यासारखं नाही, पण असे चार फोटो भिंतीवर गेले की खऱ्यांवरचाही विश्वास उडतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचा ऐंशीच्या दशकातला फोटो कुणीतरी हौसेने टाकला. वाढदिवस आहे, मधोमध केक, आणि मागे ओट्यावर दोन वेगवेगळे स्टोव्ह. एका काकूंनी सहज लिहिलं, 'तेव्हा दोघा भावांच्या चुली वेगळ्या होत्या ना!' त्या खोलीच्या भाडेहक्कावरून दोन चुलतभावांत आधीच वाद चालू होता. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो, त्यामुळे कोणत्या साली खोलीत कोण राहत होतं हाच अशा भांडणात कळीचा मुद्दा असतो. काकूंच्या वाक्यासकट त्या फोटोचा स्क्रीनशॉट रात्रीच वकिलाकडे पोचला. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांनी ग्रुप सोडला आणि बघता बघता आणखी काही जण गप्प झाले.

चाळीत खाजगी फोटो असा नसतोच. घर दहा बाय बारा. बारसं, हळद, बाहेरगावी जाणाऱ्याचा निरोप, सगळे फोटो गॅलरीत निघतात आणि त्या गॅलरीत शेजारी असतात. पुढे उभी असलेली माणसं एका घरची, मागे उभी असलेली पाच घरांची. त्यामुळे 'फोटो ज्याचा, परवानगी त्याची' हा सरळ हिशेब इथे चालत नाही.

समोरचे पर्याय

मंडळाच्या कार्यालयात, म्हणजे जिन्याखालच्या खोपट्यात, बैठक झाली. काहींचं म्हणणं, ग्रुप चालू ठेवा, फक्त ॲडमिनने नियम लावावेत. सोपं होतं, पण स्क्रीनशॉट कोण थांबवणार? एका तरुणाला फेसबुकवर सार्वजनिक पान हवं होतं, म्हणजे बाहेर गेलेले जुने रहिवासी सापडतील. मुद्दा खरा होता. तिसरा विचार असा की हे काम एखाद्या संस्थेकडे किंवा व्यावसायिक फोटोग्राफरकडे द्यावं. दर्जा चांगला मिळाला असता, मात्र बाहेरचा माणूस मागे उभ्या माणसांची नावं विचारत बसला नसता, आणि अल्बम घराबाहेर द्यायला कुणी तयार नव्हतं. एका घराने पूर्वी आजोबांचा एकुलता एक फोटो लॅमिनेशनला दिला होता. गरम प्लास्टिकखाली फोटोवर बुडबुडे आले, आणि लॅमिनेशन काढायचं तर फोटोच निघून येतो.

शेवटी सगळ्यात संथ पर्याय निवडला गेला: घरोघरी जाऊन बसायचं. अल्बम त्याच घरात उघडायचा, तिथेच स्कॅन करायचा, आणि फोटोबद्दल जे बोललं जाईल ते लिहून घ्यायचं. ग्रुप फक्त वेळा कळवण्यापुरता ठेवायचा. तारीख डोक्यावर असताना हा निर्णय अनेकांना वेडेपणा वाटला. घरं निम्मीच होतील हे दिसत होतं. त्या मुलीचं उत्तर होतं की निम्म्या घरांचे फोटो नावांसकट मिळाले तरी चालतील, सगळ्या घरांचे बिननावी मिळून काय करायचं? मला तेव्हाही ते पटलं होतं.

काय केलं

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की एकेका घरी बसायचं. रोल फिल्मच्या कॅमेऱ्यातले चौकोनी लहान प्रिंट १२०० डीपीआयवर (इंचामागे तितके ठिपके, म्हणजे बारीक स्कॅन), पोस्टकार्डाएवढे ६०० वर. मूळ फाइल दर्जा जपणाऱ्या टिफ प्रकारात, वाटायची हलकी प्रत जेपेगमध्ये. ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम मात्र त्रासदायक. त्यातला फोटो ओढला की कागद फाटतो, म्हणून तो काढायचाच नाही. वरचं प्लास्टिक उचलता आलं तर उचलून, गॅलरीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता पानच्या पान वरून टिपायचं. सुट्या फोटोच्या पाठीमागे क्रमांक मऊ पेन्सिलने. बॉलपेनची रेघ पुढे उमटते, शाई पसरते.

वहीतले रकाने त्या मुलीने आखले होते. फोटो कुणी दिला, कुणी काढला, पुढे कोण, मागे कोण, चाळीतली नेमकी जागा, साल, आणि हे सगळं कुणी सांगितलं. सालापुढे 'नक्की' किंवा 'अंदाजे' असं लिहायचंच. शेवटच्या रकान्यात परवानगी: 'सगळ्यांना', 'चाळीपुरता' किंवा 'फक्त जपायचा'.

'मागे कोण' या रकान्याने काम दुप्पट झालं आणि त्याचं मोलही. पहिल्या मजल्यावरच्या आजींसमोर एक मुंजीचा फोटो ठेवला. बटूकडे त्यांनी पाहिलंही नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या, हातात पितळी डब्यांची चळत धरलेल्या बाईवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आमची खाणावळवाली!" संपाच्या काळात उधारी वाढत गेली, तरी तिने कुणाला पानावरून उठवलं नव्हतं. शेवटी खाणावळच बंद पडली. तिच्या घरी कॅमेरा नव्हता, तिचा स्वतःचा असा एकही फोटो नाही. पण नंतर शोधत गेलो तशी ती इतरांच्या बऱ्याच फोटोंत कडेला, अर्धवट, पाठमोरी सापडत राहिली. तिचा नातू बदलापूरला असतो. त्याने आजीचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याच्या मुंजीत.

साल ठरवणं ही वेगळीच मजा होती. गच्चीवर ॲण्टेना दिसतो? मग फोटो २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, कारण मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. स्टुडिओच्या शिक्क्यात नुसतं 'मुंबई १२' आहे की ४०००१२? पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. शिक्के लोक वर्षानुवर्षं वापरतात, तेव्हा नुसता '१२' असेल तर जपून, पण सहा आकडे असतील तर फोटो त्याआधीचा नाही हे पक्कं. गाडीच्या पाटीवर एमएच ०१ असेल तर १९८९ नंतरचा. पण सगळ्यात भरवशाचा पुरावा निघाला मंडळाचे वार्षिक अहवाल. त्यात त्या त्या वर्षीची सजावट, वर्गणीदारांची यादी, जमाखर्च, सगळं छापलेलं. आरतीच्या फोटोतला देखावा अहवालाशी जुळवला की साल हातात. लोकांचं स्वतःचं पंचांग मात्र दोनच खुणांचं: संपाआधी आणि संपानंतर.

फोटो काढणाऱ्याचा हक्क

पन्नासेक फोटो झाल्यावर 'कुणी काढला' या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं: टेलरकाका. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, चाळीतला बहुधा पहिला कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे ते उगाच बटण दाबत नसत. काका जाऊन बरीच वर्षं झाली.

कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे स्टुडिओतले लग्नाचे फोटो त्या त्या घराचे. पण टेलरकाकांनी प्रेमाखातर काढलेले फोटो त्यांचे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्कही काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. चाळीत कुणालाच हे सुचलं नव्हतं. काहींना ते हास्यास्पदही वाटलं: आमच्याच बारशाचे फोटो लावायला काकांच्या मुलीला विचारायचं?

मुलगी पुण्याला असते. विचारायचं ठरलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय तोच. कायद्याच्या धाकाने नव्हे, तर विचारण्याच्या निमित्ताने तिच्याशी बोलणं झालं म्हणून. तिच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वडिलांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. चाळीतल्या घरांमध्ये लागलेले मोठे फोटो हे त्यांचेच एन्लार्जमेंट, आणि मोठे करताना स्टुडिओने कडा कापल्या होत्या. निगेटिव्हमध्ये त्या कडा शाबूत. कापले गेलेले शेजारी, जिन्यात बसलेली पोरं, गिरणीतून नुकताच आलेला, अंगावर कापसाचा कोंडा असलेला एक माणूस, सगळे तिथे होते.

जो फोटो लावला नाही

एका घरातून गिरणीच्या खात्याचा समूहफोटो आला. खुर्च्यांवर जॉबर (कामगारांवरचे मुकादम) आणि मास्तर, मागे कामगार, पुढे पाटी. पाटीवर खडूने खात्याचं नाव आणि तारीख. तारीख १९८३ मधली, म्हणजे भर संपातली. फोटोतला एक माणूस याच चाळीतला, आता हयात नाही. त्याचा मुलगा आजही तिथेच राहतो. फोटो दिला होता वेगळ्याच घराने.

तारखेचा अर्थ, म्हणजे ही माणसं संप चालू असताना कामावर गेली होती, हे चाळीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फोटोंचं काम बघणाऱ्या आमच्या समितीत तीन मतं पडली. एका ज्येष्ठांचं म्हणणं, इतिहास आहे, लावा, कोण आत गेलं आणि कोण बाहेर राहिलं हे पोरांना कळू दे. दुसरं मत, पाटी झाकून लावा. मला हा पर्याय सर्वांत वाईट वाटला. खोटाही आणि अर्धवटही, आणि कुणीतरी विचारणारच की पाटीवर कागद का डकवलाय. तिसरं मत, आधी मुलाला विचारा.

मुलाला विचारलं. त्याला फोटोबद्दल ठाऊक होतं. त्याने लावायला नकार दिला, पण प्रत ठेवायला हरकत घेतली नाही. अट एवढीच, तो असेपर्यंत दाखवायचा नाही. वहीत 'फक्त जपायचा' अशी नोंद झाली, अटीसकट. देणाऱ्या घराला हे आवडलं नाही. त्यांचा फोटो होता आणि ते तो कुठेही लावू शकत होते. नंतर त्यांनीही तो लावला नाही.

निर्णय योग्य होता असं मला वाटतं, पण त्याची किंमतही सांगायला हवी. प्रदर्शनातला संप त्यामुळे एकरंगी झाला. सगळेच मोर्चात, सगळेच शेवटपर्यंत ताठ. ज्यांच्या घरी मुलीचं लग्न ठरलं होतं किंवा सावकार दारात बसला होता, त्यांची बाजू भिंतीवर आलीच नाही.

स्टोव्हच्या फोटोबाबत नियम झाला की खोलीच्या आतले फोटो करारनोंदणी पुरी होईपर्यंत कुणालाही द्यायचे नाहीत. यावर 'पुरावा दडपताय' असा आरोप आला. त्याला उत्तर असं दिलं गेलं की ज्याचा फोटो त्याने तो हवा तिथे न्यावा, समिती मात्र भांडणासाठी प्रती पुरवणार नाही.

निष्पत्ती

गणपतीत फोटो मंडपात लावले नाहीत, गॅलरीत लावले. ज्या दारासमोर फोटो निघाला त्याच दारासमोर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, चिमट्यांनी. शेजारी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल. पाच-सहा दिवसांत मागच्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त नावं लागली. माहेरवाशिणी गौरीला आल्या आणि एका दुपारी इतकी नावं लिहून गेल्या की आमच्या साऱ्या रविवारांत तेवढी मिळाली नव्हती.

'आमच्याकडे फोटोच नाहीत' म्हणणारी घरंही होती. बहुतेक पोटभाडेकरू, किंवा उशिरा आलेली, हातावर पोट असलेली. ती सगळी दोरीवर होती, दुसऱ्यांच्या फोटोत. तिसऱ्या मजल्यावरचे दोन्ही चुलतभाऊ आले नाहीत. त्यांचा वाद अजून चालू आहे.

चाळ दिवाळीनंतर रिकामी झाली. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती आहेत: एक त्या मुलीकडे, एक मंडळाच्या खजिनदाराकडे, एक पुण्याला.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगीचे रकाने आधी आणि ग्रुप नंतर हवा होता. स्टोव्हचा फोटो वहीतून गेला असता तर 'मागे काय दिसतंय' हा प्रश्न तिथेच निघाला असता.

काम सुरू करायची वेळही चुकली. संमतीपत्रं आणि क्षेत्रफळाच्या याद्या फिरत असताना प्रत्येक फोटोकडे दस्तऐवज म्हणूनच बघितलं जातं. वर्षभर आधी हेच अल्बम चहाबरोबर उघडले गेले असते.

घरांची यादी भाडेपावतीवरच्या नावांनी केली होती, म्हणजे जवळजवळ सगळी पुरुषांची. साहजिकच पहिले बरेच रविवार पुरुषांशी बोलण्यात गेले. त्यांना गिरणी, खातं, कबड्डीचा संघ आठवतो. गॅलरीत कोण उभं आहे हे बायकांना आठवतं, आणि त्यातल्या निम्म्या लग्न होऊन बाहेर गेलेल्या. त्यांना व्हिडिओ कॉलवर आधीच गाठता आलं असतं. तळमजल्यावरचे दुकानदार, इस्त्रीवाला आणि पिठाची गिरणीवाला तर पूर्ण राहून गेले. ते 'रहिवासी' नव्हते, इतकंच कारण. मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या आठवणी कागदावर उतरवायच्या बाकी आहेत, आणि त्यातले दोन आवाज आता फक्त तिथेच उरलेत.

मध्यंतरी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. नव्या टॉवरच्या माहितीपुस्तकात 'वारसा' म्हणून चार जुने फोटो छापायचे आहेत, विक्रीच्या फ्लॅटसाठी. वहीत बघितलं, तर त्यातल्या तीन फोटोंपुढे 'चाळीपुरता' लिहिलेलं आहे. चौथा टेलरकाकांचा. त्याचं पुण्याहून उत्तर यायचं आहे.